कंबरदुखीसाठी खुब्याचे व्यायाम : कोणते, किती आणि नेमकं चुकतं कुठे

वाटाड्या

कंबरदुखीचा धागा निघाला की तिसऱ्या प्रतिसादात कोणीतरी 'भुजंगासन करा' सांगून मोकळं होतं. चौथ्यात पट्टा येतो, पाचव्यात तेल. खुब्याचं नाव क्वचितच निघतं, म्हणून हा धागा फक्त खुब्यापुरता.

कोणासाठी? तीन महिन्यांहून जास्त रेंगाळलेली, कमी-जास्त होत राहणारी, बसून उठताना किंवा बराच वेळ उभं राहिल्यावर धरणारी कंबर असेल त्यांच्यासाठी. काल बादली उचलताना चमक भरली असेल तर दोन-तीन आठवडे जाऊ द्या, मग वाचा.

खुबाच का, तर शरीरातल्या कामाच्या वाटणीमुळे. खुब्याचा सांधा म्हणजे वाटीत बसवलेला चेंडू. पुढे, मागे, बाजूला, गोल, कसाही फिरतो. कमरेचे पाच मणके पुढे-मागे बऱ्यापैकी वाकतात, पण पीळ फार थोडा घेतात, एकेका जोडीत जेमतेम एक-दोन अंश. वाकणं, वळणं, चढणं यातलं मोठं काम खुब्याने करायचं आणि कमरेने तोल धरायचा. खुबा ताठरला किंवा त्याचे स्नायू लवकर दमले की ते काम कमरेवर येऊन पडतं. दिवसातून एकदा नाही, शेकडो वेळा.

स्नायू मुख्यतः तीन. ग्लूटियस मॅक्सिमस म्हणजे ढुंगणाचा मोठा स्नायू, मांडी मागे नेतो आणि बसल्याचं उभं करतो. मीडियस आणि मिनिमस बाजूला असतात, पँटच्या खिशाच्या जरा मागे. चालताना एक पाय उचलला की सगळं वजन दुसऱ्या पायावर येतं, तेव्हा पेल्व्हिस (कमरेखालचं हाडांचं कडं, ज्यात दोन्ही खुबे बसतात) एका बाजूला कलू न देणं हे या दोघांचं काम.

व्यायामाआधी दोन तपासण्या घरीच करा.

पहिली: आरशासमोर एका पायावर ३० सेकंद उभे राहा. दोन्ही हातांचे अंगठे कमरेच्या पुढच्या टोकदार हाडांवर ठेवा. उचललेल्या पायाच्या बाजूचा अंगठा खाली घसरला तर उभ्या पायाचा मीडियस कमी पडतोय. ट्रेंडेलेनबुर्ग या जर्मन सर्जनने १८९५ मध्ये वर्णन केलेली ही खूण अजून तशीच वापरतात. फसवणूक एकच: काही जण पेल्व्हिस कलू देत नाहीत, पण अख्खं धड उभ्या पायाच्या बाजूला झुकवतात. खांदा सरकला तरी तो कमजोरपणाच समजायचा.

दुसरी: काठी, छत्री, मॉपचा दांडा, काहीही चालेल. पाठीमागे उभी धरा; डोकं, पाठीचा वरचा भाग आणि माकडहाड अशा तीन ठिकाणी ती टेकली पाहिजे. आता गुडघे किंचित सैल सोडून पुढे वाका. माकडहाडापासून काठी सुटली तर तुम्ही कमरेतून वाकताय. हीच तपासणी पुढे व्यायाम म्हणून करायची आहे.

आता ब्रिज. सगळ्यांना येतो असं वाटणारा आणि सर्वात जास्त चुकीचा केला जाणारा.

जमिनीवर सतरंजी किंवा मॅट घ्या. गादीवर नको, टाचा रुततात. उताणे झोपून गुडघे दुमडा. टाचा ढुंगणापासून साधारण एक वीत, पावलं खुब्याइतक्या अंतरावर. हात बाजूला. आता उठायची घाई नको. आधी श्वास सोडा, फासळ्या खाली बसू द्या, पेल्व्हिस किंचित मागे कलवा म्हणजे कमरेखालची पोकळी कमी होईल. मग टाचांनी जमीन दाबत वर. गुडघा, खुबा, खांदा एका रेषेत आले की थांबा. २ ते ३ सेकंद धरा, ३ सेकंदांत खाली. १० वेळा, असे ३ सेट, मध्ये एक मिनिट.

ताण ढुंगणात जाणवला पाहिजे. कमरेत जाणवतोय म्हणजे तुम्ही रेषेच्या वर गेलात, शेवटचे दोन इंच खुब्याने नाही तर मणक्याने उचलले. मांडीच्या मागे जाणवतोय म्हणजे पावलं लांब आहेत, जवळ घ्या. गुडघे बाहेर किंवा आत पडत असतील तर मध्ये उशी धरा. फार दाबू नका, नुसती पडू द्यायची नाही.

बाकीचे व्यायाम पुढच्या प्रतिसादात लिहितो, एकदम टाकलं तर कोणी वाचत नाही.

मधली_सुट्टी

ब्रिजमध्ये मांडीच्या मागे पेटका येतो. पावलं जवळ घेऊनही. उपाय?

टाचणी

हॅमस्ट्रिंग (मांडीच्या मागचा स्नायू) आखूड अवस्थेत जोर लावतोय म्हणून. तीन गोष्टी करून बघा. पाऊल पूर्ण टेकवा, नुसत्या टाचेवर नको. वर जाण्याआधी ढुंगण आवळून घ्या, मग उचला. उचलून आवळायचं नाही. आणि धरायचा वेळ कमी करा: १० सेकंद धरत असाल तर २ सेकंद धरा आणि रेप्स (आवर्तनं) जास्त. पेटका आलाच तर पाय सरळ करून पावलाचा चवडा स्वतःकडे ओढा, मिनिटभरात सुटतो.

मूळ धाग्याबद्दल एक हरकत. पुढे कोणीतरी 'तुमचे ग्लूट (ढुंगणाचे स्नायू) झोपलेत, त्यांना जागं करा' म्हणणार, म्हणून आधीच सांगते. स्नायू झोपत नाही. ज्याला उभं राहता येतं, चालता येतं, त्याचा ग्लूट चालूच असतो. तो कमी ताकदीचा असू शकतो, लवकर थकणारा असू शकतो, एवढंच. दुसरं, कंबर दुखणाऱ्यांचा मीडियस बऱ्याचदा कमजोर सापडतो हे खरं, पण कमजोरीमुळे दुखलं की दुखल्यामुळे वापर कमी होऊन कमजोरी आली, हे नुसतं तपासून कळत नाही. म्हणून 'खुबा सुधारला की कंबर गेलीच बरी' अशी हमी कोणी देऊ नये.

मग करायचे का? करायचेच. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीवर मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात व्यायामाची शिफारस आहे आणि कमरेचा पट्टा व ट्रॅक्शन (वजन लावून कंबर ताणणं) नेहमीचा उपचार म्हणून देऊ नये असं म्हटलंय. एकच जादूचा व्यायाम कुठेच निघालेला नाही. जो नियमित होईल आणि हळूहळू वाढवता येईल, तो चांगला. खुब्याचे व्यायाम यात बसतात, कारण कमरेवर फार भार न टाकता मोठ्या स्नायूंना काम देता येतं.

वाटाड्या

टाचणी, हरकत मान्य. 'झोपलेत' हा शब्द मी वापरला नव्हता, पण कोणीतरी वापरलाच असता.

पुढचे व्यायाम.

भिंतीला टेकून पाय उचलणे. कुशीवर झोपा, पाठ, ढुंगण आणि वरच्या पायाची टाच भिंतीला टेकलेली. खालचा गुडघा दुमडा. वरचा पाय सरळ, चवडा समोर. टाच भिंतीला घासत पाय साधारण दीड वीत वर, एक सेकंद, मग हळू खाली. भिंत का, तर मोकळं झोपल्यावर पाय नकळत पुढे सरकतो आणि काम मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या स्नायूकडे जातं. चवडा छताकडे वळला तरी तेच होतं. टाच भिंतीला घासत राहिली की चोरी करताच येत नाही. नीट केलं तर आठव्या-दहाव्या रेपला खुब्याच्या बाजूला जळजळायला लागेल. वीस सहज होत असतील तर काहीतरी चुकतंय.

क्लॅमशेल, म्हणजे शिंपला. कुशीवर, खुबे ४५ अंश, गुडघे ९० अंश दुमडलेले, टाचा एकावर एक. टाचा न सोडता वरचा गुडघा उघडायचा. लोक गुडघा आकाशाला भिडवायला बघतात आणि पेल्व्हिस मागे लोळतो. वरचा हात कमरेच्या हाडावर ठेवा. ते हाड हललं की तिथेच थांबायचं, गुडघा चारच बोटं उघडला असेल तरी.

बर्ड डॉग. हातापायांवर या, हात खांद्याखाली, गुडघे खुब्याखाली. उजवा हात पुढे, डावा पाय मागे. पाय वर नाही, मागे. टाचेने मागची भिंत ढकलतोय असं समजा. माकडहाडाच्या वर एक वही आडवी ठेवा, घसरली तर तुम्ही वळलात. ८ ते १० सेकंद धरून बाजू बदला. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाचे निवृत्त प्राध्यापक, मणक्याचे अभ्यासक स्टुअर्ट मॅकगिल यांच्या प्रसिद्ध तीन व्यायामांत हा एक आहे (दुसरे दोन कर्ल-अप, म्हणजे उताणं झोपून डोकं-खांदे किंचित उचलणं, आणि साइड प्लँक). त्यांची पद्धत अशी की धरायचा वेळ वाढवत नेण्यापेक्षा १० सेकंदांच्या आतच ठेवायचा आणि रेप्स उतरत्या घ्यायच्या, पहिल्या सेटला ६, मग ४, मग २. थकून आकार बिघडण्याआधीच सेट संपतो.

साइड प्लँक म्हणजे कुशीवर होऊन कोपराच्या आधाराने अंग उचलून धरणं. गुडघ्यांवरून सुरू करा. कोपर बरोबर खांद्याखाली. खालचा खुबा जमिनीपासून उचलला की खालच्याच बाजूचा मीडियस काम करतो. बरेच जण वरच्या बाजूला ताण शोधत बसतात.

आणि काठी लावून वाकणं. तीन ठिकाणी काठी टेकलेली, ढुंगण मागे, जणू हातात दोन पिशव्या आहेत आणि मागचं दार ढुंगणाने लोटायचंय. मांडीच्या मागे ताण आला की परत. १० रेप्स. दोन आठवड्यांनी काठी सोडून छातीशी ५ किलोची पिठाची पिशवी धरा.

गिरमिट

हेच व्यायाम अवघड करायला पायांभोवती ताणणारा बँड (पट्टा) लावतात, त्याबद्दल. दुकानात कापडी लूप आणि रबरी लूप असे दोन प्रकार मिळतात. रबरी स्वस्त, पण गुंडाळून दोरी होते आणि मांडीचे केस उपटते, पायजम्यावरून लावा. कापडी जाड, सरकत नाही, मात्र फार ताणत नाही, त्यामुळे अगदी सुरुवातीला कडक वाटेल.

सायकलची जुनी ट्यूबही चालते. व्हॉल्व्हचा भाग कापून टाका, राहिलेली ट्यूब दोन्ही पायांभोवती घेऊन सैलसर बांधा, पाय खुब्याइतके फाकवल्यावर जेमतेम ताण येईल इतपत. गाठीत रबर दुमडतं तिथेच पुढे चीर जाते, तेव्हा दर आठवड्याला गाठ ताणून बघा. आतली पांढरी पावडर आधी धुऊन टाका, नाहीतर फरशीवर घसरगुंडी.

बँड गुडघ्याच्या चार बोटं वर लावला तर सोपं, घोट्याशी लावला तर अवघड, कारण तरफ लांब होते. बँड लावून बाजूला चालायचा व्यायामही करतात. त्यात पावलं कधीच पूर्ण जुळवायची नाहीत, बँड सैल पडला की काम थांबलं. एका दिशेने १० पावलं, तोंड न फिरवता परत १०. पाय टाकताना धड डुलायला लागलं तर बँड जड आहे.

रानजाई

योगवर्गातून येणाऱ्यांसाठी थोडी जोड.

ब्रिज म्हणजे सेतुबंधासन असं समजून लोक छाती हनुवटीला भिडेपर्यंत वर जातात. आसनात पाठीची कमान हाच हेतू असतो. इथे कमान नको आहे. दोन्ही वेगळ्या दिवशी करा, एकाच्या सूचना दुसऱ्याला लावू नका. अर्धशलभासन खुब्यासाठी छान: पोटाखाली पातळ उशी, एक पाय सरळ ठेवून फक्त मांडी जमिनीवरून सुटेल इतकाच वर. त्याहून वर गेलात की कंबर मुरडते. वीरभद्रासनाचा तिसरा प्रकार पुढच्या टप्प्यावर, तोही खुर्चीच्या पाठीला हात लावून, दोन्ही खुबे जमिनीकडे ठेवून.

सूर्यनमस्कारात हस्तपादासनाला गुडघे खुशाल वाकवा. गुडघे ताठ ठेवून बोटं टेकवण्याच्या हट्टात सगळं वाकणं कमरेतून होतं. सकाळी उठल्या उठल्या तर नकोच. रात्रभरात मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगलेल्या असतात, पूर्ण वाकल्यावर त्यांच्यावर ताण जास्त येतो. पाऊण-एक तास उलटू द्या.

एक शंका: ज्यांना खुब्याच्या बाहेरच्या हाडावरच दुखतं, त्या कुशीवर झोपता येत नाही, त्यांनी क्लॅमशेल करावा का?

वाटाड्या

चांगला मुद्दा. तो बऱ्याचदा मीडियसच्या कंडरेचा (स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोरीचा) त्रास असतो, चाळिशीपुढच्या बायकांत जास्त. कंडरा हाडावर दाबली गेली की चिडते. म्हणून पायावर पाय टाकून बसणं, एका खुब्यावर भार देऊन उभं राहणं, गुडघा दुसऱ्या खांद्याकडे ओढून ताणणं, हे सगळं बंद. झोपताना गुडघ्यांमध्ये जाड उशी. क्लॅमशेलऐवजी उताणं झोपून, गुडघ्यांवर बँड लावून दोन्ही गुडघे बाहेर दाबून ३० सेकंद धरणं, ४-५ वेळा. त्याने हाडावर दाब येत नाही. ताणण्याचा मोह मात्र आवरा. दुखतंय म्हणून ताणायचं आणि ताणलं म्हणून दुखतंय, असं चालू राहतं.

कोयनाकाठ

एक गोष्ट इथे राहतेय. मीडियस कमजोर असण्याचं कारण दरवेळी बैठं काम नसतं. त्याला जाणारी चेतातंतू मुख्यतः एल ४, एल ५, एस १ या, कमरेच्या तळाशी मणक्यांतून निघणाऱ्या, मुळांतून येते. एल ५ चं मूळ दबलेलं असेल तर आरशासमोर पेल्व्हिस कलू शकतो, आणि महिनोन्‌महिने बँड बांधून चाललात तरी फरक पडेलच असं नाही.

घरच्या घरी बघायचं तर टाचांवर दहा पावलं चाला. एका पायाचा चवडा उचललाच जात नसेल किंवा लगेच पडत असेल तर एल ४-एल ५ चा संशय. मग एका पायावर उभं राहून भिंतीला बोटं लावून टाच उचला, दोन्ही पायांनी प्रत्येकी दहा वेळा. एका बाजूला जमत नसेल तर एस १. असा फरक दिसला तर व्यायाम थांबवून डॉक्टरांकडे.

आणि हे दिसलं तर त्याच दिवशी दवाखान्यात, रात्र असली तरी: लघवी अडणं किंवा नकळत होणं, शौचावरचा ताबा जाणं, जांघेत आणि बसायच्या जागी बधिरपणा, दोन्ही पायांत वाढती अशक्तता. ताप, कारण नसताना वजन घटणं, पूर्वी कॅन्सर झालेला असणं, पडल्यानंतर सुरू झालेलं दुखणं, हाडं ठिसूळ असलेल्या म्हाताऱ्या माणसाची अचानक दुखू लागलेली कंबर, यांतही व्यायामाआधी तपासणी.

मधली_सुट्टी

आठवड्याचं गणित कोणी मांडेल का? आणि दुखलं तर चालू ठेवायचं की थांबायचं?

टाचणी

आठवड्यात तीन दिवस, मध्ये एक दिवस सुट्टी. एका वेळी चारच व्यायाम: ब्रिज, भिंतीला टेकून पाय उचलणे, बर्ड डॉग, काठी लावून वाकणं. २५ मिनिटांत होतं. सगळेच व्यायाम रोज करायला घेणारे दुसऱ्या आठवड्यात सोडून देतात.

पहिले दोन आठवडे फक्त आकार नीट येण्यासाठी. तिसऱ्यापासून वाढवा, पण एका वेळी एकच गोष्ट. ब्रिजचे १२ चे ३ सेट सहज झाले, शेवटच्या दोन रेप्सलाही धाप नाही, की दोन्ही पायांनी वर जाऊन एका पायाने खाली या. ते जमलं की पूर्ण एका पायाचा. त्यात पेल्व्हिस एका बाजूला पडत असेल तर मागच्या पायरीवर परत. किंवा ओटीपोटावर ५ किलो तांदळाची पिशवी, टॉवेल घालून, नाहीतर हाडांना रुतते.

दुखण्याचा हिशोब ० ते १० मध्ये. व्यायाम करताना ३ पर्यंत चालेल, त्याच्या वर गेलं तर रेप्स किंवा उंची कमी करा. दुसऱ्या दिवशी सकाळी कंबर नेहमीसारखी असेल तर मात्रा बरोबर होती. सकाळीही जास्त असेल तर पुढच्या वेळी निम्मं करा, बंद नको. दुखणं कमरेतून खाली पोटरीकडे उतरायला लागलं, मुंग्या वाढल्या, तर मात्र तो व्यायाम गाळा. उलट पोटरीतलं दुखणं वर कमरेत गोळा झालं तर घाबरू नका, ते बहुधा सुधारण्याचं लक्षण.

ढुंगणाचे स्नायू दोन दिवस आंबले तर तो त्रास नव्हे. आठ-बारा आठवडे धरून चाला. ताकद दिसायला तेवढे लागतातच.

गिरमिट

व्यायाम २५ मिनिटं आणि बाकीचा दिवस? ओट्यापाशी तासभर पोळ्या करणाऱ्यांनी एक पाय पाटावर ठेवावा, दर पाच-सात मिनिटांनी बदलावा. कमरेची खळगी कमी होते. आखूड केरसुणीने वाकून केर काढण्याऐवजी लांब दांड्याचा झाडू. बादली उचलताना शरीराला चिकटून, ढुंगण मागे. काठीचा व्यायाम तिथेच कामाला येतो. बाईकवर खड्डा दिसला की सीटवरून किंचित उठा, धक्का गुडघ्यांनी आणि खुब्यांनी घ्यायचा.

टाचणी

आणि पाकीट मागच्या खिशातून काढा. फुगलेल्या पाकिटावर तासन्‌तास बसल्यावर पेल्व्हिस वाकडा, वर ढुंगणातली नस दाबली जाते ती वेगळीच.

रानजाई

मांडी घालून बसणं वाईट का? घरात सगळे जेवायला खालीच बसतात.

वाटाड्या

वाईट नाही. गुडघे खुब्याच्या वर राहत असतील तर मात्र पेल्व्हिस मागे लोळतो आणि कंबर गोल होते. ढुंगणाखाली घडी घातलेलं ब्लँकेट, तीन-चार इंच, गुडघे खाली येतात. जेवताना ताट पाटावर ठेवलं तर अर्धं वाकणं वाचतं. खालून उठताना एका गुडघ्यावर येऊन, पुढच्या पायाच्या टाचेवर जोर देऊन उठा. दिवसाला दहा वेळा खाली बसणाऱ्याचा तो फुकटचा व्यायाम आहे.

मधली_सुट्टी

पायरीवर एका पायाने उभं राहून दुसरा पाय खाली-वर करायचा तो व्यायाम कुणी लिहिलाच नाही. पाटावर केला तर चालेल?

वाटाड्या

पेल्व्हिक ड्रॉप. दोन्ही गुडघे सरळ, हलतो तो फक्त पेल्व्हिस. लोंबकळणाऱ्या बाजूचं हाड दोन-तीन इंच खाली सोडायचं आणि उभ्या पायाच्या बाजूच्या स्नायूने परत समपातळीत आणायचं. ८ ते १०, प्रत्येक बाजूला २ सेट, हात भिंतीला. गुडघा वाकवून खाली-वर केलं तर तो वेगळाच व्यायाम झाला.

पाट नको. कडेला वजन आलं की उलटतो.

रानजाई

उंबऱ्यावर?

गिरमिट

उंबऱ्यावर उभं राहिलात तर घरातली मोठी माणसं आधी ओरडतील. शिवाय तो अरुंद. जिन्याची सर्वात खालची पायरी घ्या, कठड्याला हात. जिना नसेल तर दोन विटा शेजारी-शेजारी. एक वीट ९ सेंटीमीटर रुंद, तिच्यावर पाऊल बसत नाही. दोन लावल्या की १८ बाय १९ ची जागा होते, उंची ९, पाय मोकळा लोंबायला पुरते. पाऊल विटांच्या लांबीच्या दिशेने ठेवा, टाच पूर्ण वर, बोटं थोडी बाहेर आली तर आली. खाली रबरी पायपुसणं टाका, गुळगुळीत फरशीवर विटा सरकतात.